दिवसातून किती वेळा ऑक्सिमीटर लावला म्हणजे काळजी, आणि किती वेळा म्हणजे वेड?

उंबऱ्याअलीकडे | पहाटे ३:२०

प्रश्न विचित्र आहे, वेळही विचित्र आहे. पण झोप येतच नाहीये, तर लिहून टाकते.

बाबा ७४ वर्षांचे. कोविड पॉझिटिव्ह. आज आजाराचा पाचवा दिवस. ताप १०० ते १०१, खोकला, अंग दुखतंय. लसीची पाळी यायच्या आतच गाठलं. डॉक्टर फोनवर भेटतात. त्यांनी पॅरासिटॅमॉल दिली, घरीच ठेवा म्हणाले आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, "ऑक्सिजन बघत राहा." हे शेवटचं वाक्य माझ्या जिवावर उठलंय. बघत राहा म्हणजे किती वेळा?

काल मी ३८ वेळा बघितला. अतिशयोक्ती नाही, वहीत लिहिलंय सगळं. बाबा आतल्या खोलीत, मी दाराच्या अलीकडे. मी दार वाजवते, ते बोटाला यंत्र लावतात आणि आतून आकडा ओरडतात. ९६. ९५. ९७. संध्याकाळी सहानंतर त्यांनी ओरडणं बंद केलं. मग मीच मास्क चढवून आत जायला लागले.

रात्री २:४० ला गेले तेव्हा ते गाढ झोपले होते. हात पांघरुणाबाहेर. हळूच बोट धरलं, यंत्र लावलं. ९१.

त्यानंतरची दहा मिनिटं मला नीट आठवत नाहीत. त्यांना गदागदा हलवलं, दिवा लावला, फोन हातात घेतला, अॅम्ब्युलन्सचा नंबर अर्धा दाबून झाला होता. बाबा उठून बसले, खोकले, पाणी प्यायले, दोन्ही हात एकमेकांवर चोळले आणि स्वतःच यंत्र लावलं. ९६. मग माझ्याकडे बघत राहिले.

बाबांचं सगळं आयुष्य जमिनीच्या मोजणीत गेलं. मला म्हणाले, "झोपलेल्या माणसाचा गार हात पकडून रीडिंग घेतलंस. वर एका रीडिंगवर हद्द ठरवायला निघालीस. आमच्याकडे असं केलं असतंस तर दोन भाऊ कोर्टात गेले असते." आणि यंत्र उशीखाली घालून ते चक्क झोपले. ते झोपले, मी इथे.

आता माझं ऐका. चार दिवस मी बसून जेवलेले नाही. ओट्याशी उभ्यानेच काहीतरी तोंडात टाकते. सकाळी उठल्यावर जबडा दुखतो, बहुतेक झोपेत दात आवळत असणार. दर तासाला साबण हुंगून बघते, वास येतोय ना म्हणून. छातीत मध्येच धडधडतं, बोटांना मुंग्या येतात, मग वाटतं मलाही झालं. आणि मग मीही यंत्र लावते. माझा ९९ येतो. त्याने बरं वाटतं, साधारण चार मिनिटं.

बाबांना जपायचं कसं हे शंभर जण सांगतात. मला विचारायचंय की जपताना स्वतःचं डोकं ठिकाणावर कसं ठेवायचं? कमी बघितलं आणि नेमका तेव्हाच आकडा घसरला तर? सकारात्मक राहा वगैरे कृपया लिहू नका.


सदा_आनंदी | सकाळी ६:४५

ताई, सकारात्मक राहा! मनाची शक्ती फार मोठी असते. बाबांना दिवसातून पाच-सहा वेळा कडक वाफ द्या, विषाणू नाकातच मरतो. आणि डॉक्टरांना विचारून स्टेरॉइड लवकर सुरू करा, माझ्या मेव्हण्याला पहिल्याच दिवशी दिलं होतं, खडखडीत बरा झाला. काळजी नसावी.


वॉर्ड_नंबर_चार | सकाळी ७:३०

सदाभाऊ, तुमचा हेतू चांगला आहे, म्हणून रागावत नाही. पण दोन्ही गोष्टी इथेच थांबवते, नाहीतर कुणीतरी वाचून करायचं.

वाफेने विषाणू मरत नाही. चोंदलेलं नाक जरा मोकळं वाटतं, इतकंच. आणि ७४ वर्षांच्या तापातल्या माणसाच्या मांडीजवळ उकळत्या पाण्याचं भांडं ठेवलं की काय होतं ते मी ३४ वर्षं वॉर्डात बघितलंय. भाजलेल्या मांड्या भरायला सर्दीपेक्षा फार जास्त दिवस लागतात.

स्टेरॉइडचं तर अगदी स्पष्ट आहे. ब्रिटनमध्ये रिकव्हरी नावाची मोठी चाचणी झाली, तिचा निकाल जून २०२० मध्ये आला. डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी झाले, नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांमधले एक पंचमांशाने. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना मात्र फायदा दिसला नाही, उलट नुकसान होत असावं असाच कल होता. पहिल्या आठवड्यात शरीर विषाणूशी लढत असतं, तेव्हा प्रतिकारशक्ती दाबणारं औषध कशाला? तुमचा मेव्हणा बरा झाला, छान झालं. बहुतेक लोक बरेच होतात, गोळी घेऊन आणि न घेताही.

आता तुझ्याकडे वळते. तू म्हटलं तर चालेल ना? माझी मुलगी तुझ्याच वयाची असेल.

पहिलं म्हणजे तुझे वडील बरोबर आहेत. ऑक्सिमीटर बोटातून प्रकाश पाठवून रक्ताचा रंग बघतो. बोट गार असलं, तिथे रक्त कमी पोचत असलं, हात हलत असला, नखाला रंग असला की तो चुकतो. काळ्या-सावळ्या त्वचेवर तो कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतो, हेही लक्षात ठेव. सगळं ठीक असतानासुद्धा दोन अंकांचा फरक त्याच्या स्वभावातच आहे. म्हणजे ९५, ९७, ९६ हे तुझ्यासाठी तीन वेगळे आकडे असतील, यंत्राच्या दृष्टीने तो एकच आहे. झोपेत आकडा थोडा उतरतो ते वेगळंच.

नीट मोजायचं ते असं. आधी पाच मिनिटं शांत बसायचं. हात चोळून गरम करायचे, छातीशी टेकवायचे. मधलं बोट किंवा तर्जनी. यंत्र लावल्यावर पहिला आकडा लिहायचा नाही, एक मिनिट थांबायचं, आकडा एका जागी ठरू द्यायचा. नाडीचा आकडाही बघायचा, तो वेडावाकडा उड्या मारत असेल तर ते रीडिंग टाकून द्यायचं. सकाळी, दुपारी, रात्री, असं तीनदा. आपण काय लिहितोय ते वडिलांना कळू दे. झोपेतल्या माणसाला यंत्र लावायचं नाही.

९५ किंवा त्याच्या वर असेल तर वही बंद. नीट मोजूनही, पुन्हा मोजूनही ९३ किंवा ९४ येत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. ९२ किंवा त्याखाली असेल तर फोनवर चर्चा नको, सरळ हॉस्पिटल.

पण यंत्राशिवाय बघण्याच्या गोष्टी जास्त महत्त्वाच्या आहेत. एका दमात पूर्ण वाक्य बोलता येतंय का? ओठ निळसर दिसतायत? छातीवर दाब वाटतोय? असंबद्ध बोलतायत, उठवल्यावर नीट जागे होत नाहीत? यातलं एक जरी दिसलं तर यंत्रात ९७ असला तरी निघायचं. काल रात्री जो माणूस उठून तुला कोर्टाचा विनोद सांगत होता, तो त्या वेळी बरा होता. आकड्याआधी ते ऐकायचं होतंस.

दिवस लक्षणं सुरू झाल्यापासून मोजायचे, टेस्टच्या तारखेपासून नाही. पाचवा ते दहावा दिवस जास्त लक्ष ठेवायचे, कारण बिघडायचं असेल तर बहुतेकदा याच दिवसांत बिघडतं. म्हणून सांगते, आत्ताच सगळी ताकद संपवू नकोस. ३८ वेळा बघणारी बाई आठव्या दिवशी कोसळते, आणि आठव्या दिवशीच तिची गरज असते.

आणखी एक. बाबांना दिवसभर उताणं झोपू देऊ नकोस. थोडा वेळ डाव्या कुशीवर, थोडा उजव्या, जमलं तर पोटावर, पोटाखाली पातळ उशी घेऊन. जेवल्या जेवल्या नको. जागेपणी तासातून एकदा खोलीतल्या खोलीत चार फेऱ्या, बसल्याबसल्या पावलं वरखाली. या आजारात रक्ताच्या गुठळ्या व्हायची भीती असते, पाय हलते हवेत. लघवीचा रंग गडद झाला तर पाणी कमी पडतंय.

खोलीची हवा कशी आहे ते लिही, मग पुढचं सांगते.


चष्मेवाला | सकाळी ९:०५

सिस्टरनी इतकं सांगितल्यावर वैद्यकीय बाबतीत मी बोलण्यासारखं काही उरलं नाही. मी फक्त पहाटे ३:२० बद्दल बोलतो.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण पैज लावतो, त्या वेळी दुसऱ्या टॅबमध्ये मृतांचे आकडे उघडे होते. मी मार्च २०२० पासून तेच केलं. ११ तारखेला जागतिक आरोग्य संघटनेने याला महासाथ म्हटलं आणि त्या रात्रीपासून जगातल्या प्रत्येक देशाचा आलेख मला पाठ. कुणी विचारलं नाही तरी सांगायचो. बायको म्हणाली, तू काय त्या देशांचा आरोग्यमंत्री आहेस का?

त्याच संघटनेच्या प्रमुखांनी फेब्रुवारीतच म्हटलं होतं की आपण फक्त साथीशी लढत नाही, माहितीच्या साथीशीही लढतोय. तेव्हा मला वाटलं अफवांबद्दल बोलतायत. खऱ्या माहितीचाही अतिरेक होतो हे मला उशिरा कळलं. आलेख खरे होते. पण त्यातला एकही वाचून मी उठलो आणि काही वेगळं केलं, असं झालं नाही. हात तसेच धुतले, मास्क तसाच लावला.

"बातम्या बंद करा" हा सल्ला मात्र मला पटत नाही. बंद केल्या की कल्पना सुरू होते, आणि कल्पनेला संपादक नसतो. मी दुपारी एकदा वाचतो, लिहिलेलं वाचतो, व्हिडिओ नाही. झोपायच्या खोलीत फोन नेत नाही. तुम्हाला आत्ता फोन जवळ लागेल, तर निदान बाबांचा आणि डॉक्टरांचा कॉल वाजेल एवढंच चालू ठेवा.


एकटाच_आहे | सकाळी ९:४०

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. पण हा धागा वाचणाऱ्यांत कुणी एकटं आजारी असेल तर त्याच्यासाठी लिहितो.

माझ्याकडे आकडा ओरडून सांगायला दाराच्या पलीकडे कुणी नव्हतं. आम्ही दोघा मित्रांनी ठरवलं होतं, सकाळी नऊ आणि रात्री नऊ, एक टिंब पाठवायचं. शब्द नाही, टिंब. अर्ध्या तासात आलं नाही तर फोन, फोन उचलला नाही तर शेजाऱ्याकडची दुसरी किल्ली. किल्ली आधीच देऊन ठेवली होती. अकरा दिवस टिंबं गेली. सातव्या दिवशी मी झोपून राहिलो तर ९:३२ ला फोन आला आणि पलीकडून मला कडक शिव्या मिळाल्या. त्या आठवड्यातला तोच सगळ्यात बरा क्षण होता.


उंबऱ्याअलीकडे | दुपारी १२:१५

सिस्टर, तू म्हणा, नक्की म्हणा.

आज सकाळी तुम्ही सांगितलंत तसं मोजलं. पाच मिनिटं बसणं, हात चोळणं, एक मिनिट थांबणं. बाबांना हे फार आवडलं. "आत्ता कुठे कामाला शिस्त आली," म्हणाले. माझी वही मागून घेतली, माझ्या ३८ नोंदींवर एक तिरकी रेघ मारली आणि नवीन पानावर रकाने आखले. वेळ, रीडिंग, नाडी, शेरा. आजच्या शेऱ्यात लिहिलंय, "निरीक्षक घाबरट. यंत्र ठीक."

चष्मेवाले, पैज जिंकलात. दुसरा नाही, तिसरा टॅब.

खोलीला एक खिडकी आहे, उघडीच असते. लागून बाथरूम, त्यात बाहेर हवा फेकणारा छोटा पंखा आहे. दार बंद. मी आत जाताना एन९५ लावते, पण चष्म्यावर वाफ धरते. बाबा खोकला येईल म्हणून मास्क लावायला कुरकुरतात.

पण भीती तशीच आहे, सिस्टर. सकाळचं रीडिंग आठला झालं, आता सव्वाबारा. या चार तासांत मी दाराशी अकरा वेळा जाऊन आले. आत गेले नाही, नुसतं कान लावून खोकला ऐकला. हेही मोजणंच की.


अर्धीझोप | दुपारी १:५०

हो, तेही मोजणंच. मी समुपदेशक नाही, पण दोन वर्षं समुपदेशकाच्या समोरच्या खुर्चीत बसलोय, याच गोष्टीसाठी. माझं तपासणं वेगळं होतं. नाडी. दिवसातून दीडदोनशे वेळा.

मला समजावून दिलेलं गणित असं. भीती वाटते, तपासतो, ठीक निघतं, हायसं वाटतं. मेंदू यातून "सगळं ठीक आहे" असं शिकत नाही. तो शिकतो, "तपासलं म्हणून वाचलो." म्हणून पुढची भीती लवकर येते. तुमची चार मिनिटं मी वाचली आणि हसलो, कारण माझी सहा होती, मग चार, मग एक.

यातून बाहेर येताना भीती आधी जाईल आणि मग तपासणं थांबेल, असं होत नाही. उलटं होतं. भीती असतानाच तपासायचं नाही, आणि ती वर चढते, टिकते, मग आपोआप उतरते हे बघत बसायचं. पहिल्यांदा मला पस्तीस मिनिटं लागली. घाम फुटला होता. दुसऱ्या दिवशी वीस. तुमच्या बाबतीत सिस्टरनी तीन वेळा ठरवून दिल्यात, ती तपासणी खरी आहे, ती करायचीच. मधली अकरा खेपांवाली आहे ना, ती टाळायची. दाराकडे पाय वळले की घड्याळ बघायचं आणि स्वतःला पंधरा मिनिटांनंतरची वेळ द्यायची. "जायचं नाही" म्हणू नका, "सव्वादोनला जाऊ" म्हणा. बहुतेक वेळा सव्वादोनला जावंसं वाटत नाही.

बोटांच्या मुंग्यांबद्दल: घाबरल्यावर आपण नकळत भराभर, मोठे श्वास घेतो. त्याने कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, आणि मुंग्या, हलकं डोकं, छाती आवळल्यासारखं वाटणं, हे सगळं त्याचं. ऑक्सिजन तेव्हा उत्तम असतो. तुमचा ९९ त्याचाच पुरावा आहे. चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, पाच मिनिटं. बाहेर जास्त, हे महत्त्वाचं. "दीर्घ श्वास घ्या" म्हणून जो तो सांगतो, त्याने माझ्या मुंग्या वाढायच्या.

झोप: वीसेक मिनिटं डोळा लागला नाही तर अंथरुणातून उठा, मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं करा, डोळे जड झाले की परत या. रात्र कशीही जावो, उठायची वेळ एकच. दिवसा पडायचं झालं तर अर्धा तास, तोही दुपारी. आणि बसून जेवा हो. मी हसण्यावारी नेत नाहीये. उभ्याने जेवणाऱ्या माणसाचं शरीर पळायच्या तयारीतच राहतं, असं मला वाटतं. हे माझं शास्त्र आहे, कुणाचं दुसऱ्याचं नाही.


वॉर्ड_नंबर_चार | दुपारी ३:१०

अर्धीझोप यांनी छान सांगितलं. मी एवढंच म्हणेन की जे मोजून तू पुढे काही वेगळं करणार नाहीस, ते मोजू नकोस.

आणि एक गोष्ट मोजायला देते, जी मोजून काहीतरी करता येतं. टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी काप. बाबांच्या खोलीच्या बंद दाराखालच्या फटीशी धर, तुझ्या बाजूने. पट्टी आतल्या बाजूला ओढली गेली तर हवा तुझ्याकडून त्यांच्या खोलीत जाते आणि खिडकीतून बाहेर. हवं ते हेच. पट्टी तुझ्याकडे फडफडली तर त्यांच्या खोलीतली हवा घरभर येतेय. मग बाथरूमचा पंखा चालू ठेव, बाथरूमचं दार उघडं ठेव, आणि तुझ्या बाजूची खिडकी कमीजास्त करून परत बघ. हॉस्पिटलात याच तत्त्वावर वेगळ्या खोल्या बांधतात, यंत्रं लावून. घरात पट्टी पुरते.

चष्म्यावर वाफ म्हणजे नाकाशी फट. धातूची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाब, एका हाताने चिमटलीस की मध्ये टोक येतं आणि बाजूने गळतं. दाढी नाही तुला, म्हणजे बाकीचं सोपं आहे. त्यांना साधा मास्क चालेल, तू आत असशील तेवढाच वेळ. तुझं तिथलं काम दहा मिनिटांत आटोपायचं, गप्पा फोनवर मारायच्या.

तुझ्याकडे कोण बघतंय? हे नाही लिहिलंस.


उंबऱ्याअलीकडे | दुसऱ्या दिवशी, रात्री ९:३०

पट्टी माझ्याकडे फडफडत होती. पाच दिवस मी त्याच हवेत दाराला कान लावून बसले होते!

बाबांना फोनवरून सांगितलं. मग तासभर आम्ही दोघांनी दाराच्या दोन बाजूंनी काम केलं. ते आतून पंखा, बाथरूमचं दार, खिडकीची झडप. मी बाहेर पट्टी धरून. "आत." "बाहेर." "थांब, थांब, सरळ उभी आहे." शेवटी स्वयंपाकघराची खिडकी चार बोटं उघडल्यावर पट्टी झपकन आत गेली. बाबा आतून ओरडले, "क्लोज झालं!" मोजणी जुळली की ते असंच म्हणायचे. खोकल्याची उबळ आली त्यांना त्यानंतर, पण आवाज खूश होता.

तो तास मी घाबरले नव्हते हे मला तास संपल्यावर लक्षात आलं.

माझ्याकडे कोण बघतंय... भाऊ दुसऱ्या देशात आहे, रोज रात्री फोन करतो. तो आकडा विचारतो, मी आकडा सांगते, तो "ठीक आहे, जप," म्हणतो. एकटाच_आहे यांचं टिंब वाचल्यावर काल त्याला म्हटलं, आकडा सांगणार नाही, तो बाबांच्या वहीत आहे, तिचा फोटो पाठवते. तू मला विचार, आज बसून जेवलीस का. तो जरा वेळ गप्प झाला. मग विचारलं. मी रडले. मग तोही. मग आम्ही दोघं बाबांनी शेऱ्यात काय लिहिलंय त्यावर हसलो. तिकडे बसून त्याला काहीच करता येत नाही, त्याचं काय होत असेल हे मी पाच दिवसांत एकदाही विचारलं नव्हतं.

आज दाराशी खेपा: चार. पंधरा मिनिटांची युक्ती दोनदा चालली, दोनदा नाही.


उंबऱ्याअलीकडे | आठव्या दिवशी, दुपारी

पटकन लिहिते. सकाळी ९४. हात गरम, पाच मिनिटं बसून, एक मिनिट थांबून. पुन्हा ९४. अर्ध्या तासाने ९३. वाक्यं पूर्ण बोलतायत, पण दम जास्त लागतोय. डॉक्टरांना फोन केला. वहीचं पान पाठवलं. ते म्हणाले, तीन दिवस ९६-९५, आज ९३, म्हणजे उतार स्पष्ट आहे, घेऊन या. बॅग भरलीय. गंमत म्हणजे हात थरथरत नाहीयेत.


वॉर्ड_नंबर_चार | आठव्या दिवशी, दुपारी

बरोबर केलंस. वही, औषधांची यादी, चष्मा, फोनचा चार्जर, कानाचं यंत्र असेल तर ते, सगळं पिशवीत त्यांच्या जवळ. वाहनाच्या काचा उघड्या. ऑक्सिजन लावला तर घाबरू नकोस, तो लवकर लावलेलाच बरा. आता वर म्हटलेलं स्टेरॉइड त्यांना देतील कदाचित, आता त्याची वेळ असू शकते. आणि तुझी टेस्ट करून घे.


उंबऱ्याअलीकडे | एकोणिसाव्या दिवशी

सगळ्यांनी विचारलंत म्हणून. सहा दिवस ऑक्सिजन, व्हेंटिलेटर नाही. स्टेरॉइड दिलं, गुठळ्या होऊ नयेत म्हणून पोटात इंजेक्शनं दिली, पोटावर झोपवलं. परवा घरी आले. माझी टेस्ट निगेटिव्ह आली, आठवड्याने पुन्हा केली, तीही निगेटिव्ह.

त्या सहा दिवसांत माझ्याकडे मोजायला काहीच नव्हतं, आणि ते सगळ्यात वाईट होतं, हेही सांगते. वॉर्डातून दिवसातून एकदा फोन यायचा, दुपारी चार ते सहाच्या मध्ये कधीही. त्या दोन तासांत मी घरातल्या घरात चालायचे. अर्धीझोप, पस्तीस मिनिटांनी भीती उतरते म्हणालात. तेव्हा नाही उतरली. पण चालून पाय दुखायचे आणि रात्री झोप लागायची, एवढं झालं.

बाबा थकलेत. पहिल्याच दिवशी उत्साहात आंघोळ, दाढी, कपाटाची आवराआवर केली आणि दुसरा दिवस पूर्ण आडवे. याबद्दल कुणाला माहीत असेल तर सांगा.


अर्धीझोप | एकोणिसाव्या दिवशी

फार बरं वाटलं वाचून. भीतीचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. माझी नाडी ठीक होती, तुमचे बाबा खरंच आजारी होते. तो हिशेब इथे लागू पडत नाही, मी तेव्हा लिहायला हवं होतं.

थकव्याचं: माझ्या बहिणीला हेच झालं. आज केलेल्या श्रमाची शिक्षा उद्या किंवा परवा येते, म्हणून आज बरं वाटतंय यावर विश्वास ठेवायचा नाही. चांगल्या दिवशीसुद्धा जमेल त्याच्या निम्मंच करायचं. आंघोळ बसून, दाढी दुसऱ्या दिवशी, कपाट पुढच्या महिन्यात. चार आठवडे गेले आणि तरी असंच असेल, किंवा चालताना छातीत दुखलं, धडधडलं, तर डॉक्टर.


उंबऱ्याअलीकडे | एकोणिसाव्या दिवशी

बाबांना वाचून दाखवलं. कपाटाला पुढचा महिना म्हटल्यावर चेहरा पडला, पण वहीत नवीन रकाना आखलाय, "काम (निम्मं)". आता ते मला रोज सकाळी यंत्र लावायला लावतात. पाच मिनिटं बसवतात, हात चोळायला सांगतात. आज ९८, शेरा: "निरीक्षक सुधारतोय."

दाराखालची टिश्यूची पट्टी मी काढायला गेले तर ओरडले. राहू दे म्हणाले, वारा कळतो.